क्वीन ऑफ पेंटॅकल्स: अर्थ लावण्यापासून विधी उतरवण्यापर्यंत

टॅरो म्हणजे प्रश्न विचारून अर्थ लावण्याचे ७८ चित्रपत्ते, आणि क्वीन ऑफ पेंटॅकल्स ही त्यातल्या नाण्यांच्या गटाची राणी. टॅरो शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातून हे कार्ड एकाच पद्धतीने बिघडतं. रीडिंगमध्ये निघालं की ‘पैसा येणार’ किंवा ‘एखादी श्रीमंत बाई मदत करणार’ असं सांगून मोकळं व्हायचं. विधी करायचा म्हटलं की कार्ड पर्समध्ये सरकवायचं, हिरवी मेणबत्ती लावायची आणि वाट बघत बसायचं. महिनाभराने काहीच हललं नाही की दोष डेकला, म्हणजे पत्त्यांच्या संचाला.

क्वीन ऑफ पेंटॅकल्स पैसा खेचून आणत नाही. हातात आलेलं ती सांभाळते, निगुतीने वाढवते आणि ज्याला त्याला त्याच्या गरजेपुरतं देते. तिचा अर्थ आणि तिचा विधी दोन्ही या एका गोष्टीवर उभे आहेत. म्हणून आधी अर्थ नीट बसवायचा, मग हिशेब, मग मांडणी, आणि ज्योत सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पुढचं काहीच लागत नाही.

आधीची जमवाजमव

हे सामान हाताशी ठेवा:

- क्वीन ऑफ पेंटॅकल्स कार्ड, किंवा त्याची कलर झेरॉक्स. रोज रीडिंग करत असाल तर झेरॉक्सच घ्या. मूळ कार्ड पंधरा दिवस बाहेर राहिलं तर डेक ७७ कार्डांचा उरतो आणि त्यावरचं रीडिंग अपुरं ठरतं.
- साधी रेघांची वही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानातली चालेल. मोबाइलमधली नोंद या कामाला चालत नाही, कारण पुढे तीच वही मांडणीत ठेवायची आहे.
- मातीची पसरट थाळी किंवा उथळ कुंडी, तळाला भोक असलेली. कुंभारवेशीकडे किंवा कुठल्याही नर्सरीत मिळेल.
- दोन-तीन ओंजळी माती आणि घरातलेच मूठभर मेथीदाणे.
- स्वतःच्या कमाईतून आलेलं एक नाणं. कुणाकडून उसनं घेतलेलं नको.
- मातीची पणती, तेल, वात.

क्रिस्टल, खास धूप, महागडं वेदीचं कापड यातलं काहीही लागत नाही. कुणी हजारो रुपयांचं ‘राणी सिद्ध करण्याचं किट’ विकत असेल तर घेऊ नका.

१. डेक कोणता आहे ते बघा

खालचं वर्णन रायडर-वेट-स्मिथ डेकचं आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला हा डेक आर्थर एडवर्ड वेट यांनी आखला आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. आपल्याकडे शिकवण्यांमध्ये बहुतेक हाच, किंवा याच्यावरून काढलेला डेक असतो.

मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये राणीच्या हातात नाणं आहे, पण भोवती बाग नाही, ससा नाही. अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या थॉथ डेकमध्ये ती क्वीन ऑफ डिस्क्स होते, आणि तिथे दरबारी कार्डांची (इथे पेज, नाइट, क्वीन, किंग) नावंही वेगळी आहेत: नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस. तिथला नाइट हा इथल्या किंगच्या जागी बसतो. एका डेकच्या वहीतला अर्थ दुसऱ्या डेकच्या कार्डावर चिकटवण्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तपासणी: तुमच्या डेकमध्ये प्रिन्स किंवा प्रिन्सेस असेल तर खालचा चित्रवाचनाचा भाग तुमच्या कार्डाला लागू नाही. बाकीचा क्रम लागू आहे.

२. कार्ड बघा, अर्थांची यादी बाजूला ठेवा

पाच मिनिटं फक्त चित्र बघा आणि दिसेल ते वहीत लिहा. ‘समृद्धी’, ‘ममता’ असले शब्द लिहायचे नाहीत. दिसतात त्या वस्तू लिहायच्या.

राणी उघड्यावर, बागेत बसली आहे. वर लाल गुलाबांची कमान आहे. सिंहासनावर बोकडाचं डोकं, फळं आणि लहान मुलाची आकृती कोरलेली आहे. खालच्या कोपऱ्यात एक ससा आहे. मोठं नाणं तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरलंय आणि नजर त्याच नाण्यावर आहे.

ती नजर महत्त्वाची. नाणं तिने वर उचलून दाखवलेलं नाही, छातीशी घट्ट आवळलेलंही नाही. छातीशी आवळलेलं नाणं बघायचं तर फोर ऑफ पेंटॅकल्स काढा आणि दोन्ही कार्डं शेजारी ठेवा. साठवणं आणि सांभाळणं यांतला फरक या दोन चित्रांत जितका स्वच्छ दिसतो तितका कुठल्याही वर्णनात दिसत नाही.

आता तत्त्वांचं बघू. १८८८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने दरबारी कार्डांना दुहेरी तत्त्वं दिली. पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी, राणी म्हणजे जल. म्हणून ही राणी पृथ्वीतलं जल, ओली माती. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरलेलं तुम्ही घरी पाहिलं असेल. पाणी किती घालायचं याचा अंदाज घरातल्या एखाद्या जाणत्या बाईलाच असतो: जास्त झालं तर धान्य कुजतं, कमी पडलं तर उगवतच नाही. या कार्डाचं सगळं शहाणपण त्या अंदाजात आहे, आणि पुढचा विधीही त्यावरच बेतला आहे.

३. ही राणी कोण, ते ठरवा

दरबारी कार्डं १६ आहेत आणि नवशिके अडखळतात ते याच ठिकाणी. तीन शक्यता असतात: प्रश्नाशी संबंधित एखादी प्रत्यक्ष व्यक्ती, प्रश्न विचारणाऱ्याचाच एखादा पैलू, किंवा काम करण्याची एक रीत. याच क्रमाने तपासू नका. उलट्या क्रमाने तपासा. आधी ‘रीत’ म्हणून वाचून बघा, मग ‘पैलू’ म्हणून, आणि दोन्ही बसलं नाही तरच व्यक्ती शोधा. बहुतेक रीडिंग पहिल्या पायरीवरच सुटतं.

समजा, कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं, ‘नोकरी सोडून एमपीएससीच्या मुलांसाठी डबे सुरू करू का?’ सल्ल्याच्या जागी क्वीन ऑफ पेंटॅकल्स आली. ‘तुम्हाला एक श्रीमंत बाई भांडवल देईल’ हे वाचन सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. रीत म्हणून वाचलं तर कार्ड सांगतं: आहे त्या ओट्यावर, झेपतील तेवढे डबे घ्या, रोजचा खर्च लिहा, तो बसला की मगच वाढवा. आता शेजारचं कार्ड बघा. एट ऑफ पेंटॅकल्स असेल तर हात बसेपर्यंत सराव करायचा आहे. टू ऑफ पेंटॅकल्स असेल तर काही काळ नोकरी आणि डबे दोन्ही सांभाळावे लागतील. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स असेल, म्हणजे बर्फातून चाललेली दोन फाटकी माणसं आणि वर उजळलेली खिडकी, तर मदत जवळच आहे आणि ताई ती मागत नाहीत. मग घरात कुणाशी बोलणं टाळलंय ते विचारायला हवं.

शेजारी दुसरं दरबारी कार्ड आलं तर लगेच नवरा-बायको जुळवू नका. क्वीन ऑफ सोर्ड्स शेजारी असेल तर बहुधा एकाच माणसाच्या मनात दोन रीती भांडत असतात: एक म्हणते खर्च कापून टाक, दुसरी म्हणते थोडा वेळ दे, रुजेल.

व्यक्तीच असेल तर ती बाईच असेल असं धरू नका. पंगतीचा सगळा बाजार एकहाती सांभाळणारे काका, वाड्याचं सामाईक बिल वर्षानुवर्षं बिनबोभाट भरणारे आजोबा, ही या राणीचीच माणसं. जुन्या युरोपीय पद्धतीत पेंटॅकल्सची माणसं काळ्या केसांची आणि सावळ्या वर्णाची धरत. पुण्यात या खुणेने कोणीच वेगळं काढता येत नाही. ती सोडून द्या.

इशारा: हे कार्ड आलं म्हणून कुणाला गरोदरपणाचं भाकीत सांगू नका. ससा बघून अनेक जण तिकडे वळतात. ससा सुपीकतेची खूण आहे हे खरं, पण समोरच्या बाईच्या आयुष्यात तो विषय किती दुखरा आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

४. उलटं आलं तर

वेट यांनी उलट्या राणीला संशय, भीती, अविश्वास असे अर्थ दिले आहेत. ते पाठ करण्यापेक्षा ओल्या मातीकडे परत जा. उलट्या कार्डात पाणी आणि माती यांचं प्रमाण बिघडलेलं असतं, आणि ते दोन बाजूंनी बिघडतं.

पाणी जास्त: सगळ्यांचं करता करता स्वतःचं जेवण दुपारी चारला. नातेवाइकांना दिलेले पैसे मागायचा संकोच. पाणी कमी: घरातल्या माणसांपेक्षा हिशेब मोठा झालेला, प्रत्येक वाटी मोजलेली, कुणावर विश्वास नाही.

यातली कोणती बाजू हे कार्ड सांगत नाही. विचारावं लागतं. ‘शेवटचं स्वतःसाठी काय विकत घेतलंत?’ एवढ्या एका प्रश्नाने बहुतेकदा कळतं.

५. विधीआधी हिशेब

ही पायरी लोक गाळतात आणि मग विधी पोकळ होतो. ज्या राणीची नजर नाण्यावर आहे, तिच्यासमोर बसायचं तर आपल्या नाण्यांकडे आपण आधी बघितलेलं असावं.

वहीच्या पहिल्या पानावर गेल्या महिन्याची जमा आणि खर्च लिहा. गॅस, दूध, हप्ता, रिक्षा, बाहेरचं खाणं. सगळं. यूपीआयमुळे खर्च हाताला जाणवत नाही, म्हणून बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊनच बसा. लिहिताना जिथे पोटात गोळा येतो ती ओळ अधोरेखित करा. विधी त्या ओळीसाठी करायचा.

मग संकल्प लिहा. त्यात सांभाळण्याचं किंवा वाढवण्याचं क्रियापद हवं, आपल्या हातात असलेली गोष्ट हवी आणि मुदत हवी.

‘मला भरपूर पैसा मिळो’ हा संकल्प या राणीचा नाही. ‘डब्याचे पैसे मी दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत मागून घेईन आणि त्यातला दहावा हिस्सा वेगळा ठेवीन’ हा तिचा आहे.

अगदी नवीन सुरुवात हवी असेल तर एस ऑफ पेंटॅकल्स घ्या. मोठा विस्तार, हुकमत हवी असेल तर किंग. सर्जन, बहर हवा असेल तर एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञीचं कार्ड. एम्प्रेस आणि या राणीत फार गल्लत होते, कारण दोघी बागेतच बसल्या आहेत. एम्प्रेस म्हणजे आपोआप उगवणारं रान. ही राणी म्हणजे रोज पाणी घालावं लागणारा वाफा.

तपासणी: संकल्पात दुसऱ्या कुणाचं नाव आहे का? ‘अमुक माणसाने माझे पैसे परत द्यावेत’, ‘सासूबाईंनी दागिने माझ्या नावे करावेत’ असं काही असेल तर खोडून पुन्हा लिहा. दुसऱ्याच्या मनावर, त्याला न सांगता, काम करायचं नाही. आणि कर्ज गळ्याशी आलं असेल तर आधी बँकेशी बोला. विधी त्यानंतर.

६. दिवस ठरवणं

शुक्ल पक्ष घ्या, प्रतिपदा किंवा द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत. वाढीच्या कामाला वाढता चंद्र घेण्याची रीत पाश्चात्त्य साधकांतही आहे, त्यामुळे इथे घरचं दिनदर्शिकेचं पान पुरतं. वार शुक्रवार मिळाला तर चांगलं, नाही मिळाला तर अडत नाही. रोजची वेळ मात्र एकच हवी.

राशींच्या बाबतीत सावध राहा. गोल्डन डॉनच्या पद्धतीत ही राणी धनु २० अंश ते मकर २० अंश या भागावर येते, म्हणजे साधारण १२ डिसेंबर ते १० जानेवारी. पण ते गणित सायन, म्हणजे ऋतूंवरून राशी मोजणारं आहे. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं. दोघांत सुमारे २४ अंशांचा फरक पडतो, म्हणून सायन मकर २१-२२ डिसेंबरला लागते आणि आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते. ‘कधी होईल?’ या प्रश्नाला हे कार्ड आलं की अनेक जण पंचांगातली मकर रास बघून संक्रांतीनंतरचा महिना सांगतात. तो चुकतो.

१२ डिसेंबर ते १० जानेवारी या काळात बऱ्याचदा मार्गशीर्षातले गुरुवार येतात. घरात महालक्ष्मीचं व्रत असेल तर कार्ड कलशाजवळ ठेवू नका. व्रताचे स्वतःचे नियम आहेत, टॅरोच्या विधीचे वेगळे. दोन्हींचा मान राखायचा तर जागा वेगळी हवी. देवघरातही कार्ड नको, त्यावरून घरातल्या मोठ्या माणसांचं मन दुखावेल असं काही करण्यात या राणीची रीत उरत नाही.

७. मांडणी

स्वयंपाकघराची खिडकी किंवा ऊन येणारी बाल्कनी निवडा. बेडरूममधलं कपाट नको, कारण रोज येता-जाता दिसलं पाहिजे.

मेथीदाणे आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी थाळीत माती पसरा, मधोमध नाणं पुरा, वर दाणे दाटीने पसरा आणि मातीचा पातळ थर द्या. थाळीमागे कार्ड टेकवून ठेवा, वही थाळीच्या डाव्या बाजूला संकल्पाच्या पानावर उघडी. पणती कार्डापासून वीतभर तरी दूर.

इशारा: बहुतेक कार्डांवर प्लास्टिकचा लेप असतो. ज्योतीच्या जवळ ती वाकतात, पेटतातही. कार्डावर तेल लावणं, कुंकू लावणं, कोपरा जाळणं असं काही करू नका. पंखा बंद करा. पणती लावून खोलीबाहेर जायचं नाही. पावसाळ्यात विधी करत असाल तर कार्डाला पुठ्ठ्याचा आधार द्या. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ते वाकतं.

८. प्रत्यक्ष विधी

यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये.

हात धुवा. पणती लावा. कार्डातल्या राणीच्या नजरेच्या मागे जा: आधी तिचे डोळे, मग तिच्या हातातलं नाणं, मग तुमच्या थाळीतली माती, जिथे तुमचं नाणं आहे. हे सावकाश, तीनदा करा.

संकल्प मोठ्याने वाचा. मराठीतच. इंग्रजीतून पाठ केलेली वाक्यं तोंडातून निघतात, पण ती आपल्या घरातल्या पैशांबद्दल बोलत नाहीत.

मग हाताने थोडं पाणी शिंपडा, माती ओली होईल इतकंच. शिंपडताना आज संकल्पासाठी करायचं एक छोटं काम ठरवा आणि वहीत तारखेखाली लिहा. काम त्याच दिवशी उरकता येण्यासारखं हवं: एक फोन, एक बिल, एक न वापरलेलं सबस्क्रिप्शन बंद करणं. पणती शांत करा आणि उठून ते काम करा.

काम न करता विधी केला तर तो दिवस धरायचा नाही. या मुद्द्यावर मी कुणालाच सवलत देत नाही, कारण पृथ्वीतत्त्वाचं कार्ड हाताने केलेल्या गोष्टीतूनच चालतं.

९. रोजची निगा

दोन-तीन दिवसांत मोड वर येतील, पंधरवड्यात खुडण्याजोगी कोवळी मेथी होईल. रोज ठरल्या वेळी माती बोटाने दाबून बघा. ओलं लागलं तर पाणी घालू नका, तेवढ्या वेळ नुसते बसा. कोरडं लागलं तर शिंपडा. काम लिहा, करा.

बुरशी आली किंवा दाणे कुजले तर घाबरून ‘अपशकुन’ म्हणू नका. पाणी जास्त झालंय. वहीत बघा, त्या दिवसांत तुम्ही कुठे गरजेपेक्षा जास्त देत होतात का? उगवलंच नाही तर दाणे जुने असतील किंवा पाणी कमी पडलं असेल. तिथेही वही बघा. मग नवे दाणे घालून पुढे चला. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याची गरज नाही. दुप्पट पाण्याने रोप दगावतं.

‘मेथी मेली, तुमच्यावर दोष आहे, उतरवायला इतके रुपये लागतील’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. चमत्काराचा दावा करून लोकांना घाबरवणं आणि फसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

१०. उतरवणी

पौर्णिमेला, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, मेथी कात्रीने खुडा आणि स्वच्छ धुवा. ती घरातल्या माणसांना खायला घाला, वरणात, थालीपिठात, कशातही. काही जण ती ‘मंतरलेली’ म्हणून कपाटात सुकवून ठेवतात. तसं करू नका. पिकलेलं वाटलं की राणीचं काम पुरं होतं.

नाणं मातीतून काढा, धुवा, पुसा आणि खर्च करा. सुटं म्हणून भाजीवाल्या मावशींना दिलंत तरी चालेल. माती कुंडीत टाका. मुळांसकट जे उरेल ते ओल्या कचऱ्यात किंवा खतात. मुठा नदीत काहीही सोडायचं नाही.

झेरॉक्स वापरली असेल तर ती वहीत चिकटवा. मूळ कार्ड वापरलं असेल तर कोरड्या कापडाने पुसून डेकमध्ये परत घाला आणि डेक नीट शफल करा. त्यानंतर आठवडाभर याच विषयावर स्वतःसाठी रीडिंग करू नका. मन अजून विधीत गुंतलेलं असतं आणि हवं तेच दिसतं.

आठवडा झाला की वही उघडा. गेल्या महिन्याचा हिशेब पहिल्या पानावर आहे, त्याच्याशेजारी या महिन्याचा लिहा. अधोरेखित ओळ हलली असेल तर तोच संकल्प पुढच्या शुक्ल पक्षात थोडा मोठा करून घ्या. हलली नसेल तर रोजच्या कामांची यादी वाचा. ज्या कामाशी तुम्ही पुन्हा पुन्हा अडखळलात, त्याच्यावर तीन कार्डांचं एक रीडिंग करा आणि नवा संकल्प त्यातून लिहा.